वाटणी एका डिस्कची

आमच्या घरात आजवर एकच वाटणी झाली आणि ती मी केली. शेताची नाही, घराची नाही, पाचशे जीबीच्या एका जुन्या हार्डडिस्कची. पहिल्यांदा केली तेव्हा चुकली. दुसऱ्यांदा केली ती अजून टिकून आहे. मधल्या काळात जे घडलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

निमित्त असं झालं, की २०२५च्या गणेशोत्सवात मंडळातल्या तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "१४ ऑक्टोबरला विंडोज १० बंद होणार म्हणतात, आमचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, आता टाकून द्यायचा का? तुम्ही म्हणे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलंय?" आधी एक खुलासा करते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० बंद पडलं नाही, त्याला नेहमीप्रमाणे मोफत मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. आणि हो, लिनक्स घातलंय. मी मराठीची एमए, लग्नाआधी शाळेत मराठी शिकवत होते. संगणकाचं माझं शिक्षण म्हणजे प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरतं. तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल. फक्त मी जिथे चुकले तिथे तुम्ही चुकू नका.

पहिली वाटणी

आमचा लॅपटॉप २०१२चा. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क, त्यावर विंडोज ७. त्याचा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला आणि मार्चमध्ये मस्कतच्या शाळा बंद होऊन ऑनलाइन सुरू झाल्या. नवऱ्याचा लॅपटॉप त्याच्या ऑफिसचा, लेकीला वर्गासाठी काहीतरी हवंच. पुण्यात सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, त्यावर लिनक्स मिंट टाक. फुकट आहे, हलकं आहे. मी सांगतो तसं करत जा." ओमानमध्ये व्हॉट्सअपवर बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून तो तिकडून टाइप करायचा, मी इकडे वाचून बटणं दाबायची. जुलै २०२०मध्ये दोन संध्याकाळी बसून आम्ही ते काम उरकलं.

त्यातला एक पडदा डिस्कच्या वाटणीचा होता. सगळी डिस्क पुसून आपोआप टाकू, की तुम्ही स्वतः भाग पाडणार? भाऊ म्हणाला, "स्वतः पाड. स्वॅप, रूट आणि होम, असे तीन भाग कर."

हे तीन भाग म्हणजे काय, ते माझ्या भाषेत सांगते. रूट म्हणजे घराचं स्वयंपाकघर आणि देवघर एकत्र. संगणक चालवणारी सगळी यंत्रणा, सगळे प्रोग्रॅम तिथे. होम म्हणजे आपली कपाटं आणि ट्रंका. आपले फोटो, कागदपत्रं, मुलांचा अभ्यास तिथे. स्वॅप म्हणजे स्वयंपाकघराबाहेरचा ओटा. रॅम अपुरी पडली की संगणक आत्ता नको असलेलं सामान तात्पुरतं तिकडे सरकवतो.

पाचशे जीबीची डिस्क संगणकावर ४६५ दिसते. मला वाटलं दुकानदाराने फसवलं. फसवलेलं नसतं. कारखाना एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो आणि संगणक दोनच्या पटीत, म्हणजे १०७ कोटींहून थोडं अधिक मोजतो. शेर आणि किलोसारखा फरक आहे. वाटणी करताना संगणकाचाच आकडा धरायचा.

मिंटच्या माहितीत लिहिलं होतं: किमान २० जीबी हवेत, १०० असतील तर उत्तम. मी शिक्षिका, काटकसरीत वाढलेली. किमान २० ना, मग २०च देऊ. स्वॅपला ८, रूटला २०, उरलेले ४३७ होमला. आपलं सामान महत्त्वाचं, यंत्रणेला कशाला जास्त जागा? भाऊ म्हणाला, "रूटला थोडी वाढव." मी म्हटलं, "पुढे बघू."

इथेच चूक झाली. 'किमान' या शब्दाचा अर्थ 'पुरेसं' असा होत नाही, हे मी वर्गात मुलांना किती वेळा सांगितलं असेल!

माय

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाही.

माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं. आईला आम्ही माय म्हणायचो. ती आमच्याशी अहिराणीतच बोलायची. करोनाच्या काळात जाणं-येणं बंद झालं, तेव्हा भाच्याने तिला व्हॉट्सअपवर आवाज पाठवायला शिकवलं. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. मग रोज सकाळी तिचा आवाज यायचा. "जेवनी का व माय?" इथून सुरुवात. मग कुणाचं बाळंतपण झालं, कानबाईच्या रोटांना काय काय केलं, कळण्याच्या भाकरीला उडीद किती घालायचे, लहानपणी मी कुठल्या झाडावरून पडले. कधी अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटं. फोन भरायला लागला की मी ते सगळे आवाज लॅपटॉपवर 'माय' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि फोनमधून काढून टाकायची.

एप्रिल २०२१च्या शेवटच्या आठवड्यात ओमानने भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. जायला निघाले असते तर परत कधी येता येईल ते सांगता येत नव्हतं आणि लेक लहान. मे महिन्यात माय गेली. मी इथेच होते. मंडळातल्या ज्यांनी त्या दिवसांत दाराशी डबे ठेवले, त्यांचे आभार तेव्हा मानायचे राहिले, ते आज मानते.

त्यानंतर चार महिने मी ते फोल्डर उघडलं नाही. पण ते तिथे आहे एवढं मला पुरत होतं.

डिस्क भरली

सप्टेंबरमध्ये मिंटच्या पडद्यावर रोज येणाऱ्या एका सूचनेकडे माझं लक्ष गेलं. टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे काही बिघडलं तर यंत्रणा जुन्या स्थितीत नेता येईल. चांगलंच आहे म्हणून मी चालू केलं. रोज एक प्रत, पाच प्रती जपून ठेवायच्या. ती प्रत कुठे ठेवली जाणार, हे मी पाहिलंच नाही. ती जात होती रूटमध्येच. माझी यंत्रणा तोवर नऊ जीबीची झाली होती, पहिली प्रतही तेवढीच. नऊ आणि नऊ अठरा. पुढच्या प्रतींमध्ये न बदललेल्या फायली पुन्हा साठवल्या जात नाहीत, पण रोजच्या दुरुस्त्यांनी ज्या बदलतात त्यांची जुनी आवृत्ती प्रतीत राहते आणि नवी यंत्रणेत. दोन जीबी संपायला कितीसा वेळ?

३० सप्टेंबरच्या रात्री लॅपटॉप चालू केला, पासवर्ड घातला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्ड मागायला लागला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. दहा वेळा झालं. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण 'माय' फोल्डरची दुसरी प्रत माझ्याकडे कुठेच नव्हती.

घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. जुना पेनड्राइव्ह काढला, पुन्हा सगळं नव्याने टाकू म्हणून लॅपटॉपला लावला. पडद्यावर पहिलाच पर्याय होता, डिस्क पुसून लिनक्स टाका. बोट बटणावर होतं. त्याच क्षणी भावाचं उत्तर आलं, "ताई, कशालाही हात लावू नकोस. होम वेगळं ठेवलं होतंस ना?"

ठेवलं होतं. आकडा चुकला होता, पण भाग वेगळे पाडले होते.

भाऊ म्हणाला, "रूट भरलंय. संगणकाला आत शिरताना चार छोट्या फायली लिहायच्या असतात, त्यांना जागा नाही. तुझं सामान जागच्या जागी आहे." पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवूनही पाहता येतं, डिस्कला धक्का न लावता. तसं चालवलं, होमचा भाग उघडला, 'माय' फोल्डर दिसलं. आत ४१२ फायली. आधी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर त्यांच्या प्रती केल्या आणि मग एक आवाज लावला. "जेवनी का व माय?" रात्रीचे दीड वाजले होते. मी जेवले नव्हते.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. ४१२ फायली मिळून दीडशे एमबीसुद्धा नव्हत्या. व्हॉट्सअपचा आवाज फार थोड्या जागेत मावतो. ४६५ जीबीच्या डिस्कमध्ये मला जे गमवायचं नव्हतं, ते एका छोट्या पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसत होतं. आणि मी वर्षभर जागेची काळजी करत होते.

वादळ आणि दुरुस्ती

त्यानंतर मला वाटणी लगेच दुरुस्त करायची होती. शाहीन वादळ येणार म्हणून सरकारने सुट्टी जाहीर केली होती, वेळ होता. भाऊ म्हणाला, "आत्ता नको. रूट वाढवायचं तर होम पुढे सरकवावं लागेल. म्हणजे होममधला मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवायचा, तासन्‌तास. मध्येच वीज गेली तर अर्ध सामान इकडे, अर्ध तिकडे." आमच्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटंही टिकत नव्हती. ३ ऑक्टोबरला शाहीन किनाऱ्याला लागलं. बातिना किनाऱ्यावर सुवैक आणि खाबूराकडे काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मस्कतचे रस्तेही पाण्याखाली गेले. त्या दोन दिवसांत मी फक्त काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून टाइमशिफ्टच्या जुन्या प्रती काढल्या. तेवढ्याने लॅपटॉप पुन्हा उघडायला लागला.

वादळ गेल्यावर पुढच्या शनिवारी पेनड्राइव्हवरून जीपार्टेड नावाचा प्रोग्रॅम चालवला. रात्री नऊला लावलेलं काम पहाटे संपलं. आता स्वॅप ८, रूट ६०, होम ३९७. चार वर्षं झाली, पुन्हा तक्रार नाही.

आप्पा आणि दारिसचा फलज

२०२२च्या डिसेंबरात आप्पा, म्हणजे माझे वडील, इथे आले. त्यांना निझवाला नेलं, फलज दारिस दाखवला. आपण सगळे पाहुण्यांना तिथे नेतो, पाण्यात पाय सोडून बसतो, फोटो काढतो. युनेस्कोने २००६मध्ये ओमानचे जे पाच फलज जागतिक वारशात घेतले, त्यातला हा एक. आप्पांनी फोटो काढू दिले नाहीत. ते वाटाड्याला विचारत बसले, पाणी आधी कुणाला?

उत्तर असं: पाणी गावात शिरतं तिथे पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. मग मशीद, अंघोळ, धुणं. त्यानंतर खजुराच्या बागा, कारण झाडं वर्षानुवर्षांची असतात, एकदा वाळली की गेली. शेवटी हंगामी पिकं. पाणी कमी असेल त्या वर्षी हंगामी जमीन कोरडी ठेवतात. शेतकऱ्याचा हक्क पाण्याच्या मापात नसतो, वेळेत असतो. साधारण अर्ध्या तासाचा एक 'अथर'. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर तो मोजत. आणि काही वाटा कुणा एकाच्या नसतात. त्या दरवेळी लिलावाने देतात, त्या पैशातून फलजची डागडुजी होते.

आप्पा म्हणाले, "ही तर आपली फड पद्धत." आमच्याकडे पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी सोडणार. पाणी कमी असेल तर कुठला फड भिजवायचा आणि कुठला नाही, ते गाव आधी ठरवतं. आप्पा पुढे म्हणाले, "वाटणी जमिनीकडे पाहून करायची नसते माय. कमी पडेल तेव्हा कुणाला तोडायचं, ते आधी ठरवायचं असतं. तीच वाटणी."

डिस्कबद्दल मला भावाने जे चार वेळा सांगितलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी जमीन वाटली होती. कमी पडल्यावर काय होईल, याचा विचार केला नव्हता.

पुढे वाचनात आलं, की ही चूक माझी एकटीची नाही. लिनक्सचं मूळ जे युनिक्स, ते बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या यंत्राच्या एकेका डिस्कमध्ये अडीच एमबीच्या आसपास मावत असे. मोबाइलवरचा आजचा एक फोटोही त्यात धड बसणार नाही. यंत्रणेची पहिली डिस्क भरली, तेव्हा त्यांनी उरलेली यंत्रणा वापरकर्त्यांच्या 'यूएसआर' नावाच्या डिस्कवर सरकवली. वापरकर्त्यांना नंतर दुसरीकडे हलवलं. आजही लिनक्समध्ये 'यूएसआर' नावाच्या खोलीत वापरकर्ते राहत नाहीत, यंत्रणाच राहते. पाहुणे राहिले आणि घरमालक निघून गेला, तसं.

तुमच्यासाठी हिशेब

आता कामाचं. ज्यांना जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालायचं आहे, त्यांनी या क्रमाने जावं.

पहिलं, आधी प्रत. डिस्कच्या वाटणीला हात लावण्यापूर्वी जे गमवायचं नाही ते दुसऱ्या जागी ठेवा. होम वेगळं असणं म्हणजे प्रत असणं नव्हे. माझं होम वाचलं, कारण फक्त रूट भरलं होतं. डिस्कच जळाली असती तर तिन्ही भाग एकदम गेले असते.

दुसरं, मोजा. सध्या विंडोजमध्ये तुमचं स्वतःचं सामान किती आहे ते पाहा, त्याच्या दुप्पट होमसाठी धरा. फोटोंचा आकडा दरवर्षी वाढतो.

तिसरं, रूटला कंजुषी नको. ६० जीबी द्या. टाइमशिफ्ट वापरणार असाल तर त्याच्या प्रती कुठे जातात ते पहिल्याच दिवशी पाहा. शक्यतो बाहेरच्या डिस्कवर ठेवा, नाहीतर दोन-तीन प्रतींवर थांबा.

चौथं, स्वॅप. 'रॅमच्या दुप्पट' हा नियम रॅम अगदी कमी असे तेव्हाचा. चार जीबी रॅमला चार ते आठ पुरे. लॅपटॉप पूर्ण झोपवून पुन्हा आहे तिथून चालू करायचा असेल, तर स्वॅप रॅमपेक्षा कमी नको. हल्ली स्वॅपसाठी वेगळा भाग न पाडता रूटमध्येच एक फाइल ठेवतात. ती नंतर लहान-मोठी करणं सोपं जातं.

उदाहरण घ्या. २५६ जीबीची एसएसडी संगणकावर २३८ दिसेल. नव्या पद्धतीच्या यंत्रात चालू होण्यासाठी ईएफआयचा अर्धा जीबी, रूट ६०, स्वॅप ८, उरलेले साधारण १६९ होमला. डिस्क १२८ची असेल, तर मात्र रूट आणि होम वेगळे करू नका. एवढ्याशा घरात भिंत घातली, तर एका खोलीत दाटी आणि दुसरी रिकामी, असं होतं. एकच भाग ठेवा आणि प्रती बाहेर ठेवा.

पाचवं, एक लपलेली जागा. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी-फोर मांडणी प्रत्येक भागात पाच टक्के जागा यंत्रणेसाठी राखून ठेवते. रूटमध्ये ती हवीच, अडचणीत तीच कामाला येते. पण माझ्या ३९७ जीबीच्या होममध्ये ती जवळजवळ २० जीबी होती. भावाच्या सांगण्यावरून ती एक टक्क्यावर आणली, सोळा जीबी मोकळे झाले.

सहावं, पुढे आकार बदलण्याची शक्यता वाटत असेल, तर टाकतानाच एलव्हीएमचा पर्याय घ्या. त्यात भागांना डिस्कवर शेजारी-शेजारी असावं लागत नाही. थोडी जागा कुणालाच न देता राखून ठेवायची आणि जो भाग कमी पडेल त्याला द्यायची. फलजच्या लिलावाच्या वाट्यासारखी. वाढवणं सोपं असतं, कमी करणं त्रासाचं, म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवलेला चालतो.

आणि वाढवण्या-सरकवण्याचं काम कधीही वीज जाण्याची शक्यता असताना, बॅटरी कमकुवत असताना किंवा उद्या लेकीची परीक्षा असताना करू नका.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. मी भाकरी करता करता ऐकले. तरीही अडलंच, तर मंडळाच्या ग्रुपवर मला लिहा. बोलता येणार नाही, पण टाइप करायला मी आता माझ्या भावाइतकीच तरबेज आहे.

त्या ४१२ आवाजांची आता तीन घरं आहेत. एक मस्कतला, एक पुण्यात भावाकडे, एक साक्रीला आप्पांच्या कपाटात. लेक त्यातले एकेक ऐकून अहिराणी शिकते आहे. परवा शाळेतून आले तर मला दारातच विचारते, "जेवनी का व माय?"

तुमच्याही फोनमध्ये कुणाचा तरी आवाज असेल. या दिवाळीत फराळाचे डबे भरून झाले, की त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. डिस्कची वाटणी नंतर करा.